देवाला दिलेला सरवा

आमच्या घरात वर्षातून एक दिवस असा यायचा, की त्या दिवशी आमच्यापैकी कुणीही शेताकडे फिरकायचं नाही. भुईमूग काढून झाला, बाजरीची कणसं खळ्यावर आली, की दादा, म्हणजे माझे वडील, रविवारी उपासना सुटल्यावर देवळाच्या दाराशी उभे राहून सांगायचे, "उद्या सरवा." एवढंच. सोमवारी पहाटेपासून ते शेत आमचं नसायचं. कापणीत निसटलेलं कणीस, मातीत राहून गेलेल्या शेंगा वेचायला गावातल्या बिनजमिनीच्या बायका यायच्या, आणि आम्ही दिवसभर घरात. कुत्रंसुद्धा दादा बांधून ठेवायचे. आपण नुसतं बघितलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. दादा म्हणाले, "आपन बांधावर हुबं राह्यलो की येचनाराचा हात आखडतो. ज्याचं हाय त्यानं मोकळ्या हातानं न्यावं."

ज्याचं आहे त्यानं. हे दादांचं म्हणणं मला तेव्हा कळत नसे, कारण शेत तर आमचं होतं. पण आमच्या घराण्यात हे माझ्या आजोबांपासून चालत आलं होतं. त्यांना मोशेच्या नियमशास्त्रातला एकच नियम पक्का पाठ होता: पीक कापताना शेताचे कानेकोपरे झाडून नेऊ नका, गळालेलं उचलायला मागं वळू नका, ते विधवेचं, पोरक्याचं आणि परक्याचं. आजोबांनी तो नियम अगदी शब्दशः घेतला. शेताच्या चारही कोपऱ्यांतली बाजरी उभी ठेवायची आणि बांधालगतची भुईमुगाची शेवटची तासं, म्हणजे ओळी, काढायचीच नाहीत. आमच्या गावात बाकी कुणी असं करत नसे. ख्रिस्ती घरं होती बरीच, पण हा नियम जुन्या करारातला, तो आता लागू नाही, असं म्हणून सगळे मोकळे झाले होते. आमच्या घरात मात्र त्याला 'कोपरं' असा शब्दच होता. "औंदा कोपरं चांगली हायती," असं दादा म्हणायचे, तेव्हा त्यांच्या आवाजात स्वतःच्या पिकापेक्षा जास्त आनंद असायचा.

गाव पाथर्डीच्या पुढचं, कोरडवाहू. घर धाब्याचं, पुढं ओसरी, मागं चूल. मी आता नगरला एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळते. सकाळी उठल्याबरोबर दिवसाची यादी करते आणि रात्री तिच्यावर रेघा मारूनच झोपते. ही शिस्त मला बाईकडून आली. बाई म्हणजे माझी आई; आमच्याकडे आईला बाईच म्हणत. तिला लिहिता येत नव्हतं, पण घरातली प्रत्येक वस्तू कुठे, किती आणि कधीपर्यंत पुरेल हे तिच्या बोटांवर असे. सुगीच्या दिवसांत तिचा आवाज वाढायचा. पिठाच्या गिरणीची टुकटुक, खळ्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, आणि त्यावर बाईचं, "पोत्याचं तोंड शिवलं का रं कुनी?" ओल्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडलेल्या असायच्या. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, त्यांच्या वाफेला लसणाचा वास; आणि नव्या बाजरीची पहिली भाकरी दादांच्या हातावर, ती मोडण्याआधी त्यांची लांबलचक प्रार्थना. आम्ही भावंडं एक डोळा उघडा ठेवून भाकरीवर लोणी वितळताना बघत राहायचो.

दादा मंडळीत, म्हणजे आमच्या ख्रिस्ती समाजात, कीर्तन करायचे. पेटी, टाळ आणि डफ घेऊन पवित्र शास्त्रातल्या गोष्टी रंगवून सांगायचे. आजूबाजूच्या गावांतून त्यांना बोलावणी यायची, आणि सगळ्यांची एकच फर्माईश असे: नाबोथाचा मळा. अहाब राजाला राजवाड्याशेजारचा द्राक्षमळा हवा असतो, आणि नाबोथ म्हणतो, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. मग दादा रुसलेला अहाब करून दाखवायचे. गालिच्यावर आडवे होत, भिंतीकडे तोंड करत, राणीने जेवायला उठवलं की पाय आपटत. बायका पदरात तोंड घालून हसायच्या. आणि ते हसू ओसरायच्या आत दादा उठून बसत आणि हलक्या आवाजात विचारत, "हसलात? राजाचं पोट भरल्यालं हुतं. भरल्या पोटाची भूक लई वाईट. ती गरिबाच्या दारातच जाऊन थांबते." मग नाबोथावर खोटा आळ, दगडमार, आणि त्याचं रक्त चाटणारी कुत्री. त्या वेळी देवळात कुणी खोकतही नसे.

सरवा वेचणाऱ्यांत पहिली यायची ती सरूमावशी. नवरा विहिरीच्या कामावर दरड पडून गेलेला, घरात ती आणि तिची मुलगी रिबका. रिबका माझ्या वर्गात होती आणि माझ्यापेक्षा हुशार होती. हे मी आज मोठेपणाने म्हणत नाही, तेव्हाही सगळ्यांना ते माहीत होतं. संडेस्कूलमध्ये वाचायला तिलाच उठवत. मी वाचायला लागले की ती शेजारून कोपर मारून म्हणायची, "सुमे, हळू! देव काय एस्टी पकडायला चाललाय?" मावशी रोजाने निंदायला, खुडायला जायची, पण त्या मजुरीवर मीठमिरची चाले, धान्य नाही. धान्य आमच्या कोपऱ्यांतून यायचं. तिची कणगी, म्हणजे धान्य साठवायची बांबूची शेणाने सारवलेली कोठी, सरव्याच्या दिवशी भरे आणि उन्हाळ्यापर्यंत पुरे. दसरा झाला की ऊसतोडीचा मुकादम गावात फिरायचा, टोळी गोळा करायला. तिच्या दारात थांबून म्हणायचा, "काय सरूबाई, औंदा येती का कारखान्यावर?" ती कणगीवर थाप मारून दाखवायची. "ही भरल्याली हाय तवर तुझं त्वांड बघायची मला गरज न्हाई. चल, पुढं हो." त्या थापेचा भरीव आवाज आमच्या ओसरीपर्यंत यायचा आणि बाई हसायची. कणगी भरली तर मावशी गावात राहणार, आणि मावशी गावात राहिली तर रिबका शाळेत. इतकं ते सरळ होतं.

ज्या वर्षाबद्दल मला लिहायचं आहे, त्या वर्षी मंडळीने देवळापुढे पोर्च बांधायचं ठरवलं. आमच्याकडे सुगीनंतर उपकारस्तुतीचा रविवार असतो. प्रत्येक घर आपल्या पिकातला वाटा देवळात आणतं, वेदीपुढे राशी लागतात, पाळकसाहेब त्यांवर प्रार्थना करतात. त्या वर्षीच्या सगळ्या राशी पोर्चच्या कामाला जायच्या होत्या, आणि पाळकसाहेबांनी, उत्साहाच्या भरात म्हणा, जाहीर केलं की सगळ्यांत मोठी रास ज्या घराची, त्या घरधन्याचं नाव पोर्चच्या दगडावर कोरलं जाईल. गावात आदल्याच वर्षी यशवंतकाकांनी बोअर घेतलं होतं. ते आमचे लांबचे चुलते, दादांच्या बरोबरीने वाढलेले. त्यांच्या शेतात पाणी खेळू लागलं आणि आदल्या उपकारस्तुतीला त्यांची रास इतकी उंच लागली होती, की मागे बसलेल्यांना पाळकसाहेब दिसेनात. "याकोब, तुझी रास कुठाय रं?" असं त्यांनी दादांना सगळ्यांसमोर हसत विचारलं होतं. "माझ्या राशीच्या सावलीत बसलीय जनू." लोक हसले, दादाही हसले. घरी आल्यावर ते जेवले नाहीत, पोट जड आहे म्हणाले.

दादांना पैशाचा लोभ नव्हता. हे मी मुलगी म्हणून लिहीत नाही; वसतिगृहाच्या कामात अनेक माणसं पाहिली, लोभ कसा दिसतो ते मला कळतं. दादांना चांगली चप्पलही नको असायची. पण आपलं नाव देवाच्या दारात दगडावर असावं, हे त्यांना हवंसं झालं. त्यांनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळे हे मागणं आपण स्वतःसाठीच करतो आहोत हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

एका संध्याकाळी खळ्यावरून आल्यावर त्यांनी बाईला सांगितलं की औंदा कोपरं राखायची नाहीत. बाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीत थांबला.

"म्हंजी?"

"म्हंजी कोपरं बी कापायची, शेवटची तासं बी काढायची, आन् मातीतल्या शेंगा आपनच येचायच्या. समदं देवळात द्यायचं. आपल्याला एक दाना नको."

"आन् सरू?"

"अगं, देवाला दिलं म्हंजी गरिबालाच दिलं. मंडळी कुनाची हाय? गरिबाचीच न्हवं? पोर्च झाला तर पावसापान्यात सरूच त्याच्याखाली हुबी राहील."

"पोर्च खाता येतो व्हय?"

"तुला धर्मातलं काय कळतंय?"

"धर्मातलं न्हाई कळत," बाई म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली. "ताटातलं कळतं. जे आपलं न्हवंच ते आपन कसं द्यायचं? दुसऱ्याच्या ताटातली भाकर उचलून पाव्हन्याला वाढायची, आन् पाव्हना म्हननार, काय दिलदार मानूस हाय!"

दादा खरोखर दुखावले गेले. त्यांनी दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट काढली, देवाच्या मंदिरासाठी लोकांनी दिलेल्या सोन्याची गोष्ट काढली, दशांश काढला. बाईने पुढची भाकरी घेतली. ती भाकरी करपली, आणि बाईच्या हातची करपलेली भाकरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

आम्ही भावंडांनी दादांबरोबर शेंगा वेचल्या. त्यांनी कुळव घालून माती उलथली, कोपऱ्यांतली बाजरी स्वतःच्या हाताने कापली आणि कापताना स्तोत्र म्हटलं. आवाज छान लागला होता. चारही कोपरे मोकळे झाल्यावर शेत चौकोनी, नीटस दिसायला लागलं. सांगायला विचित्र वाटेल, पण व्यवस्थितपणा आवडणाऱ्या माझ्या डोळ्याला ते बरं दिसलं होतं.

सरूमावशीला कुणी सांगितलंच नव्हतं. रविवारी दादा देवळाच्या दाराशी काही बोलले नाहीत, तेव्हा तिला वाटलं असावं की विसरले. सोमवारी सकाळी ती आणि रिबका खुरपी आणि पाटी घेऊन बांधावर आल्या. आम्ही शेवटचं पोतं बैलगाडीत चढवत होतो. सरव्याच्या दिवशी आम्ही शेतात, असं आजवर घडलं नव्हतं. तीच आधी गोंधळली, जणू तिचीच काही चूक झाली. मागे सरकून म्हणाली, "दादा, मी उद्या यीऊ का?"

दादांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "सरू, औंदा कोपरं देवाला दिली. पोर्चसाठी."

तिने शेताकडे पाहिलं. चारही कोपऱ्यांकडे, एकामागून एक. "देवाला दिली?"

"व्हय. समदी."

"मंग बरंच झालं की," ती म्हणाली. "देवाला काय म्हनायचं आता आपन?"

दादांनी तिला काही न देता स्वतः ठेवून घेतलं असतं, तर ती भांडली असती. तिची जीभ गावात प्रसिद्ध होती. यशवंतकाकांना तिने एकदा भर चावडीवर धू-धू धुतलं होतं. पण इथं मध्ये देव उभा केलेला होता. रिबका मात्र माझ्याकडे बघत होती. माझ्या पाटीत शेंगा होत्या. "सुमे, तुजी पाटी भरली," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो, तिने नुसतं पाहिलं ते सांगितलं. मग दोघी आल्या वाटेने परत गेल्या.

फार वर्षांनी वसतिगृहात सकाळच्या प्रार्थनेला मुलींपुढे वाचता वाचता मी शुभवर्तमानातल्या एका जागी आले. येशू तिथे धर्मपंडितांना खडसावतो: आईबापांना जे द्यायचं तेच 'देवाला अर्पण केलं' असं म्हणून तुम्ही हात झटकता. आणि दुसऱ्या एका ठिकाणी, लांबलचक प्रार्थना करणारे विधवांची घरं गिळतात असं तो सांगतो. मी पुस्तक मिटलं आणि मुलींना म्हटलं, आज एवढंच. हे आम्हाला संडेस्कूलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. अहाब शिकवला होता. अहाब ओळखायला सोपा असतो.

उपकारस्तुतीला आमची रास सगळ्यांत मोठी झाली. यशवंतकाकांनी दादांना मिठी मारली, "जितलास गड्या!" पाळकसाहेबांनी दादांना पुढे बोलावलं, मंडळीने टाळ्या वाजवल्या. बायकांच्या बाजूला सरूमावशी शेवटच्या रांगेत होती आणि तीही टाळ्या वाजवत होती. बाई वाजवत नव्हती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले होते.

मुकादम नेहमीप्रमाणे दसऱ्यानंतर आला. त्या दिवशी थापेचा आवाज आला नाही. मावशीच्या दारात बराच वेळ नुसतं बोलणं चाललं होतं. ऊसतोडीत माणूस एकटा घेत नाहीत. दोघांचा मिळून एक 'कोयता' धरतात. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधून डोक्यावर वाहायच्या. नवरा नसलेल्या बाईला मुकादम घेत नाही. तिला दुसरा हात दाखवावा लागतो. मावशीजवळ दुसरा हात एकच होता.

बाईने शेजारणीकडून ऐकलं आणि ती मावशीकडे धावली. आम्ही बाजरी देतो, पोरीला नेऊ नको, असं तिने सांगितलं. मी बाईच्या मागे होते. मावशी गोणपाटात भांडी बांधत होती. म्हणाली, "वैनी, तुमी चोरून द्याल आन् मी चोरून घीन. किती दिस? सरवा घेताना मला कदी लाज वाटली न्हाई. ते माझं हुतं. भीक येगळी."

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं, कोंबड्या, भांडी आणि शेळ्या एकावर एक चढत होत्या. रिबका सामानावर उंच बसली होती. मी तिला माझा मफलर दिला. "नाताळापत्तुर येईन," ती म्हणाली. "तवर माझी जागा धरून ठेव. पुढच्या बाकावर, हां. मागं बसशील अन् म्हनशील धरली." ट्रॉली हलली तेव्हा तिने मफलर डोक्यावरून घेतला आणि पाळकसाहेबांसारखे हात उंचावून आम्हाला आशीर्वाद दिला. सगळे हसले.

नाताळात ती आली नाही. त्या वर्षी नाताळच्या कीर्तनाची तालीम आमच्या ओसरीवर चालली होती. दादा अहाब करून आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं, एवढ्यात आतून बाई म्हणाली, "तुमाला अहाब लई चांगला जमतो. नाटक वाटतच न्हाई." पेटीवाला हसला. दादा तसेच पडून राहिले. भिंतीकडे तोंड करून ते इतका वेळ पडून राहिले, की डफवाल्याने विचारलं, "दादा, झोप लागली का काय?" ते उठले, डोळे न पुसता म्हणाले, "आज घसा बसलाय. घरी जा समदे." त्यानंतर त्यांनी अहाब केला नाही. त्या नाताळात कीर्तनच झालं नाही.

नव्या वर्षात एके दिवशी त्यांनी बाजरीचं पोतं शिवलं आणि मला म्हणाले, "चल, रिबकाला आनू. तू असलीस म्हंजी यील." एस्टीच्या टपावर पोतं टाकून आम्ही सोनईच्या साखर कारखान्याकडे निघालो. आमच्या गावचे उजाड माळ मागे पडले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागला, कालव्याचं पाणी, हिरवं एवढं की मला वाटलं दुसऱ्याच देशात आलो. एकाच जिल्ह्यात, अर्ध्या दिवसाच्या प्रवासात, इतकं पाणी होतं. त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडायला आमच्याकडची माणसं.

पाचटाच्या कोप्या, म्हणजे उसाच्या वाळल्या पात्यांच्या झोपड्या, एका पडीक रानात उभ्या होत्या. सरूमावशी शेजारच्या उसाच्या फडात तोडणीवर होती. रिबकाला मी आधी ओळखलंच नाही. माझा मफलर तोंडाला गुंडाळलेला, हातांना चिंध्या बांधलेल्या, डोक्यावर मोळी. फळीवरून ट्रकमध्ये चढून ती मोळी टाकायची आणि उतरायची. मी हाक मारली. तिने मोळी टाकली, उतरली आणि म्हणाली, "थांब, एक खेप ऱ्हायलीय." ती खेप करूनच आली. चिंध्या सोडल्यावर हात दिसले. पात्यांनी चिरलेले, काही चिरा ओल्या. मी तिच्यासाठी संडेस्कूलचं पुस्तक नेलं होतं. तिने ते उघडलं, एका ओळीवर नजर ठेवली आणि मिटलं. "नंतर वाचते. आत्ता डोळ्यांपुढं पाचटच हलतं."

कोपीवर आल्यावर सरूमावशीने तीन दगडांच्या चुलीवर चहा ठेवला. दादांसाठी पाणी तापवून पेला विसळला. पाहुणचारात काही कमी नव्हतं, आणि ते दादांना सोसेना. चहा हातात तसाच धरून ते म्हणाले, "सरू, माझं चुकलं. कोपरं तुझी हुती. मी तुझं घेतलं आन् देवाच्या नावावर खपवलं. पोरीला माझ्यासंगं धाड. शाळा बुडायला नको. घरात ऱ्हाईल, सुमीसंगं."

मावशी फुंकर घालत राहिली. "दादा, पोरगी गेली तर कोयता मोडला. मग मी बी हितं ऱ्हाऊ शकत न्हाई, आन् आगाऊ घेतल्याली उचल फिटल्याबिगर घरी बी जाऊ शकत न्हाई. मुकादमाला इचारा."

दादा मुकादमाकडे गेले. मीही मागे गेले. मुकादम खाटेवर बसून वाटाणे खात होता, तोंडाने वाईट माणूस नव्हता. त्याने दादांना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पाव्हनं, मी काय कुनाला बांधून आनलं व्हय? गेली किती वर्सं ही बाई मला दारातनं हाकलत हुती. औंदा तिनंच मला हाक मारली. तुमी गावात ठेवून घेतली असती तर माझ्याकडं कशाला आली असती?" त्याने मूठभर वाटाणे माझ्या हातात दिले. "खा गं पोरी."

दादांनी पोतं मावशीच्या कोपीत ठेवलं. ती नको म्हणाली नाही. घेते असंही म्हणाली नाही. परतीच्या बसमध्ये दादा खिडकीकडे तोंड करून बसले होते. आमचं गाव आलं तेव्हा मला त्यांना हलवून सांगावं लागलं.

पोर्च झाला. दगडावर नाव कोरलं गेलं. दादांनी पाळकसाहेबांकडे जाऊन ते काढायची विनंती केली. मंडळीच्या पंचांनी बैठक घेतली आणि दादांची नम्रता पाहून त्यांचं कौतुक केलं. नाव राहिलं. अजूनही आहे, मी नाताळला जाते तेव्हा त्या दगडापाशी चपला काढाव्या लागतात.

उन्हाळ्यात टोळी परतली. मावशी एकटी उतरली. तिथेच टोळीतल्या एका घराने, आपल्याच लोकांपैकी, मुलासाठी रिबकाला मागितली होती. त्यांच्या मुलाला पुढच्या हंगामासाठी दुसरा हात हवा होता. मांडव कारखान्याच्या मागेच पडला. आठवीतली मुलगी. ते लोक तिला घेऊन जालन्याकडे गेले. पुढे मी तिला भेटायचा प्रयत्न केला. शाळांकडून, मंडळ्यांकडून पत्ते काढले. या कामात मी तरबेज आहे, आणि तरीही ती मला सापडली नाही. दर हंगामाला कारखाना वेगळा, गाव वेगळं.

पाऊस झाला, पेरण्या झाल्या. त्या सुगीला दादांनी कोपरे राखले, आधीपेक्षा मोठे. बांधालगतची तासंच नव्हे, पट्टाच्या पट्टा उभा ठेवला. रविवारी देवळाच्या दाराशी त्यांनी सांगितलं, "उद्या सरवा." मग ते बायकांच्या घोळक्यात सरूमावशीला शोधू लागले. ती आली नव्हती.

सोमवारी सकाळी मावशी आमच्या घरी आली. मागच्या दाराने, जिथून कामाला येणाऱ्या बायका येतात. बाईला म्हणाली, "वैनी, शेंगा फोडायला मजूर लागत असंल तर मी हाय."

दादा ओसरीवरून उठून आत आले. "सरू, तू हितं? शेतात जा की. कोपरं राखल्यात. औंदा लई हायती. कुनी बघनार न्हाई तुला, आमी समदे घरातच हाय."

मावशीने पदर खोचला आणि शेंगांच्या ढिगापाशी बसली. पहिली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"येचतील दुसऱ्या बाया," ती म्हणाली. "मी येचून कुनाला घालू, दादा? घरात खायाला त्वांडच कुठं ऱ्हायलंय?"

बाईने तिच्यासमोर बसून अर्धा ढीग आपल्याकडे ओढला. दादा दारात तसेच उभे होते. मावशी मान खाली घालून शेंगा फोडत राहिली, आणि थोड्या वेळाने, वर न बघता, म्हणाली, "सरका जरा दादा, उजेड अडतोय."